मंगळवारचा माणूस

३ सप्टेंबर, मंगळवार

ताप सकाळी ३६.८, संध्याकाळी ३७.२. खाल्लं : अर्धी रोटी, पांढरं चीज, दोन खजूर. उलटी नाही.

नजवानं ही वही आणून दिली. "बाबा, आईचं सगळं यात लिहायचं. डॉक्टरांनी विचारलं की डोकं खाजवत उभे राहू नका." लेक मन्सूरा शहरात दिली, पण तिचे हुकूम इथे दुम्यातपर्यंत पोचतात.

तर लिहून झालं, तीन ओळींत. बाकीचं पान रिकामं. अडतीस वर्षं लाकडावर कोरीवकाम करतोय. रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. म्हणून हे पुढचं. हे डॉक्टरांसाठी नाही.

आज रतीबाला, माझ्या बायकोला, कॅन्सरच्या औषधाची पहिली सलाईन. अशा बारा, दर मंगळवारी. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. जुलैत निदान झालं तेव्हाच तिनं मरायचं ठरवून टाकलं. बांगड्या नजवाला दिल्या, चांगली भांडी बहिणीला, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी सांगितलं, "अगं, डॉक्टर म्हणतात बरी होशील." ती म्हणाली, "डॉक्टरांना म्हणायलाच लागतं."

मन्सूराच्या हॉस्पिटलात बायकांच्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलंय, म्हणून बायका-पुरुष एकाच मोठ्या खोलीत, खुर्च्या ओळीनं. नातेवाइकांनी बाहेर बसायचं. तीन तास मी बाकावर.

परतताना शिरबीनच्या रेल्वे फाटकावर बस थांबली तेव्हा रतीबा जुलैनंतर पहिल्यांदा आपणहून बोलली. "शुक्री, या फाटकावर एक माणूस पस्तीस वर्षं होता."

"कोण?"

"अम्म हिलमी. सगळे त्याला अम्म, म्हणजे काकाच म्हणतात. आज माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता."

मी म्हटलं, असेल.

१० सप्टेंबर, मंगळवार

ताप ३७.१. खाल्लं : मुलुखियाच्या पाल्याचं कालवण, थोडा भात. एक उलटी.

खोलीचं दार आज उघडं होतं, रंगाचा वास जावा म्हणून. आतून हसण्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही; दुसऱ्या कोणाची तरी बायको हसत असेल म्हटलं. मग लक्षात आलं, हे हसणं मी ओळखतो. नजवाच्या लग्नात ऐकलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली.

उठून दारातून पाहिलं. रतीबा ओढणीचा पदर तोंडावर धरून हसत होती. शेजारी तो. मी समजत होतो कोणी रुबाबदार गडी असेल. मळकट पायघोळ गलाबिया, लोकरीची टोपी, पुढचे दात नाहीत, अंगावर मांस नाही. सत्तरीला टेकलेला. जिवात जीव आला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ताप नाही.

जेवताना सहा वेळा 'अम्म हिलमी'. मी मोजले.

त्या माणसाचा एक नियम आहे म्हणे. शेजारच्या खुर्चीवर बसायचं तर आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट त्याला द्यायची, आधी कधीच न पाहिलेली. फाटक बंद झालं की लोक घड्याळाकडे बघत शिव्या घालायचे, आणि हा बसून आजूबाजूला बघायचा. तेवढीच त्याची विद्या. लग्न नाही, पोर नाही. पोटात आतड्याला रोग, तोही दुसऱ्यांदा उलटलेला.

आता आमच्या घरी काय चाललंय? भिंतीकडे तोंड करून निजणारी बाई सकाळी उठून जिन्यात जाऊन उभी राहते. मी विचारलं, काय करतेस? "ऊन पाचव्या पायरीवर येतं ते बघते. थोडाच वेळ असतं. आपण या घरात एकतीस वर्षं राहतोय, तुला माहीत होतं?"

"पायऱ्या मी बांधल्यात," मी म्हटलं.

"तेच तर," ती म्हणाली.

तेच तर म्हणजे काय?

२३ सप्टेंबर, सोमवार

ताप नाही. भूक बरी.

सकाळी लाकूड आणायला नदीकाठी गेलो होतो. खंड्या पक्षी पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला, हवेत खिळा मारल्यासारखा, आणि एकदम सरळ खाली. मासा घेऊन वर. आयुष्यभर नदीकाठी राहतोय, इतका नीट कधी पाहिला नव्हता. मनात आलं, चला, आपल्यालाही काही दिसतं. घरी येऊन रतीबाला सांगितलं. हात पसरून करूनही दाखवलं.

तिचा चेहरा उजळला. मला काय बरं वाटलं!

मग म्हणाली, "हे मी उद्या अम्म हिलमीला सांगू? माझ्याकडे या आठवड्याचं अजून काही नाही."

सांग, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझा पक्षी माझ्याच हातानं त्याच्या पदरात घातला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

ताप ३७.३. केस गेले सगळे. रतीबा आरशात बघून म्हणाली, "माझ्या डोक्याचा आकार छान आहे की!" हे वाक्य तिचं नाही. कोणाचं आहे ते मला माहीत आहे.

आज मी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं. बाकावर बसलेली एक बाई कारागिराला घालतात तशी हाक घालून म्हणाली, "उस्ता, लग्नाला निघालात की काय?" आत जाऊन मीही एक विनोद सांगायचं ठरवलं होतं, दुम्यातवाल्यांच्या चिक्कूपणाचा. सिस्टर ईनासनं दोन मिनिटं आत सोडलं. विनोद सांगितला. रतीबा म्हणाली, "शुक्री, पाण्याची बाटली दे."

तो मात्र हसला. दात नसलेलं तोंड उघडून मनापासून हसला. त्याचा मला आणखीच राग आला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

ताप मोजला नाही.

आज जे ऐकलं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मी उगाच संतापलो.

दार उघडं, मी भिंतीला टेकून उभा. रतीबाचा आवाज. "त्याचा राग कळायला मला त्याचं तोंड बघावं लागत नाही हो. खाली कारखान्यात छिन्नीचे टोले जोरात पडले की समजायचं, रागावलाय. हळू पडले की खूश. आणि घाबरला की आवाजच बंद. मग एकाच छिन्नीला धार लावत बसतो. माझा रिपोर्ट आला त्या दिवशी दुपारपासून धार लावत होता. मी वर बिछान्यात पडून ऐकत होते. म्हटलं, आता छिन्नी संपेल."

"उम्म नजवा," तो तिला लेकीच्या नावानं हाक मारून म्हणाला, "त्याला कधी सांगितलंत हे?"

"त्याला काय सांगायचं? त्याचंच तर आहे."

ही माझ्या घरातली गोष्ट. एका परक्या फाटकवाल्याला! माझी बायको माझी टिंगल करते आणि तो ऐकून घेतो. आणि त्या दिवशी मी धार लावत होतो कारण छिन्नी बोथट झाली होती. एवढं साधं.

परतताना एक शब्द बोललो नाही. तिनं विचारलंही नाही का ते.

९ ऑक्टोबर, बुधवार

मन्सूराला फोन केला. तारखा देणाऱ्या कारकुनाला सांगितलं, कारखान्यामुळे मंगळवार जमत नाही, गुरुवार द्या. दोन दिवस मागेपुढे झाले तर चालतं, असं तिथल्या दुसऱ्या एका सिस्टरकडून विचारून घेतलं. मी काही राक्षस नाही. त्यानं गुरुवार दिला.

रतीबाला सांगितलं, हॉस्पिटलनं बदलला.

ती म्हणाली, "सगळ्यांचाच बदलला?"

"मला काय माहीत."

"मग अम्म हिलमी गुरुवारीच भेटेल." आणि तिनं पाचव्या पायरीवर जाऊन ऊन बघितलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

ताप ३७.४. खाल्लं : काही नाही.

शेजारच्या खुर्चीवर आज एक तरुण बाई होती, कानात गाणी लावून. रतीबानं तीन तास दाराकडे बघितलं. परतताना म्हणाली, "आला नाही." मी म्हटलं, येईल पुढच्या गुरुवारी.

कारखान्यात आलो आणि शांत वाटलं. घर माझं झाल्यासारखं. गुलाबाची पट्टी कोरायला घेतली, दिवाणाच्या पाठीची. एक पाकळी उडाली. अशी पाकळी माझ्याकडून बारा वर्षांत उडाली नव्हती.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

ताप ३७.९. खाल्लं : चार घास. उलट्या तीन.

पुन्हा तीच कानात गाणीवाली. रतीबानं सिस्टर ईनासबद्दल विचारलं. ती फक्त मंगळवारी असते. इतर कोणाला हिलमी नावाचा माणूस माहीत नाही. आमच्याकडे त्याचा नंबर नाही. भल्या घरची बाई परक्या पुरुषाचा नंबर मागेल कशाला?

बसमध्ये ती म्हणाली, "तो गेला, शुक्री. त्या खोलीत खुर्ची रिकामी झाली की कोणी कोणाला विचारत नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ताप ३८.१. नजवाला फोन केला. डॉक्टर म्हणाले, गोळी द्या, पाणी द्या, उद्यापर्यंत बघा.

ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली आहे. मी कांदा भरलेलं बदक करवून आणलं, तिचं आवडतं. "तू खा," म्हणाली. मग म्हणाली, "मला आता मन्सूराला नेऊ नकोस. आठ झाल्या, पुरे. बारा घेऊन तरी काय, त्याच खोलीत एकेक कमी होत जायचं."

मी ओरडलो. "त्या म्हाताऱ्यासाठी औषध सोडणार? मी कोणी नाही का?"

ती वळली. अंगात ताप, पण डोळे स्वच्छ. "तू आहेस रे. म्हणूनच तर तुझ्यासमोर मरायला भीती वाटते. त्याच्यासमोर वाटत नव्हती."

खाली आलो. काम केलं नाही. लहान छिन्नीला धार लावली.

२८ ऑक्टोबर, सोमवार

ताप नाही. पण उठली नाही.

पाचव्या पायरीवर आज मी जाऊन बसलो. ऊन आलं, गेलं. कोणाला सांगणार?

उद्या मंगळवार.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

रतीबाला सांगितलं, लाकूड बघायला जातो. मन्सूराला गेलो.

मनात काय होतं ते खरंखरं लिहितो. तो खरोखरच मेलेला असावा, असं एक मन म्हणत होतं. म्हणजे तो तिला न भेटण्याला माझं खोटं कारण ठरणार नाही.

तो होता. आधीपेक्षा निम्मा. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर त्याची लोकरीची टोपी ठेवलेली. सिस्टर ईनास म्हणाली, "दोन मंगळवार झाले, कोणाला बसू देत नाहीत. आज तिसरा. मी रागावले तर म्हणतात, बाई उशिरा येतील, बसचा घोटाळा असेल."

मला पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मी एकटाच आलो होतो ना. तो उठायला गेला, सुई लावलेला हात ओढला गेला. म्हणाला, "अल्लाह तुम्हाला धीर देवो, उस्ता. कधी झालं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "जिवंत आहे हो. घरी आहे."

आणि तो रडायला लागला. हातांनी तोंडही झाकेना. "अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह," एवढंच. माझ्या बायकोसाठी असं रडताना मी स्वतःला पाहिलेलं नाही. मी तिथे उभा होतो आणि खरं सांगतो, त्या घटकेलाही माझा जळफळाट झाला. त्याला रडता येत होतं.

"मग येत का नाहीत?"

"दिवस बदलला."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. पस्तीस वर्षं लोकांकडे बघितलेला माणूस. टोपी उचलली, म्हणाला, "बसा. तुम्ही बसलात तरी चालेल. पण नियम माहीत आहे ना? काय आणलंत?"

मी काही आणलं नव्हतं. डोकं धुंडाळलं. शेवटी म्हणालो, "पाकळी उडाली. गुलाब कोरताना. बारा वर्षांत पहिल्यांदा."

"मग काय केलंत?"

"फळी फेकून दिली."

"अरेरे," तो म्हणाला. "मला बघायची होती."

३० ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. न्याहारीच्या वेळी, फुलच्या, उकडलेल्या घेवड्याच्या, वाटीसमोर. फोन, गुरुवार, सगळं. तो जिवंत आहे हेही.

रतीबा हातातला घास खाली ठेवून हळू म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे तो मला मेली समजत होता."

"हो."

"आणि मी त्याला."

"हो."

"का, शुक्री?"

मी म्हटलं, "तू त्याच्याजवळ हसतेस."

तिनं वाटी उचलून मोरीत आपटली. फुटली. "तू कधी विचारलंस, रतीबा, आज काय पाहिलंस? एकतीस वर्षांत एकदा?"

"तू तरी मला विचारलंस?"

ती थांबली. मग नजवाच्या जुन्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. दारामागून म्हणाली, "मंगळवारचं कर. आत्ता फोन कर. मला ऐकू येईल असा."

मी मोठ्यानं फोन केला.

४ नोव्हेंबर, सोमवार

ताप नाही. खाते. माझ्याशी बोलत नाही.

सकाळी उठून जिन्यात जाते. मी कारखान्याच्या दारातून तिची सावली बघतो. नजवाचा फोन आला, "आईला काय झालंय? म्हणते, तुझ्या बापाला विचार." मी म्हटलं, मी गाढवपणा केला. नजवा म्हणाली, "तो तर नेहमीचा. नवीन काय?"

५ नोव्हेंबर, मंगळवार

नववी सलाईन. मधली एक खेप चुकली, डॉक्टर रागावले, रागावू देत.

खोलीत शिरताना रतीबा म्हणाली, "आत चल. तुझ्या तोंडानं त्याला सांग." सहा दिवसांतलं पहिलं वाक्य. सिस्टरनं अडवलं नाही. हिलमी टोपी खुर्चीवरून उचलत होता, इतका हसत होता की त्याला बोलता येईना.

मी उभ्या उभ्या सांगितलं. दिवस हॉस्पिटलनं नाही, मी बदलला. मला तुमचा मत्सर वाटला.

मला वाटलं, आता शिव्या घालेल, घालाव्यात. त्यानं टोपी काढली, टक्कल खाजवलं.

"कोणाचा? माझा?"

"हो."

"माझा मत्सर? दुम्यातच्या उस्ताला?" त्यानं आजूबाजूला पाहिलं, जणू दुसरा कोणी हिलमी खोलीत असेल. मग हाक मारली, "ईनास! इकडे ये पोरी! ऐकलंस का? हा माणूस, हातापायानं धड, स्वतःचा कारखाना, हा माझ्यावर जळतो! बाईच्या बाबतीत!"

"अम्म हिलमी, हळू," सिस्टर म्हणाली, "सुई निघेल."

"निघू दे! सदुसष्ट वर्षांचा झालो, एका पुरुषानं माझ्याकडे तशा नजरेनं बघितलं नाही. आमच्या गावात बायका माझ्या फाटकात बिनधास्त पोरांना दूध पाजायच्या. हिलमी काय, खांबच तो! आणि आता, दात गेल्यावर..." त्याला खोकला आला. खोकल्यातून हसला. "उस्ता, याहून मोठी भेट मला कोणी दिली नाही. ईनास, चहा मागव याच्यासाठी!"

सगळी खोली हसत होती. रतीबाही. पदर तोंडावर न घेता.

मी चहा प्यालो. माझं तोंड भाजलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दहावी. ताप ३७.०.

सिस्टरनं मला आत बसू दिलं, स्टुलावर. हिलमीचा आवाज बसलाय. म्हणाला, "आज उस्तानं द्यायचं."

मी म्हटलं, "रतीबा झोपेत पायाचे अंगठे हलवते. दोन्ही, एकाच वेळी. पहाटे उजाडता उजाडता पाहिलं."

"शुक्री! लाज नाही वाटत?" रतीबा.

हिलमीनं डोळे मिटले. म्हणाला, "हे मी घेणार नाही. हे तुमच्याजवळच ठेवा."

परतताना फाटकावर बस थांबली. ड्रायव्हर शिव्या घालत होता. रतीबानं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. तिचं डोकं, केस नसलेलं, खरोखरच छान आकाराचं आहे. कोरायला अवघड पडेल असं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

अकरावी. हिलमी आला नाही. रतीबानं त्याच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली आणि कोणी विचारलं तर ठामपणे सांगत होती, "बसू नका. येतोय."

मी मत्सर करावा अशा लायकीचा तो माणूस होता, हे मी इथे लिहून ठेवतो. होता नव्हे, आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

कालचं आज लिहितो.

काल बारावी, शेवटची. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी बघू. याहून जास्त त्यांनी काही कबूल केलं नाही. सिस्टर ईनास बाहेर आली तेव्हाच कळलं. हिलमी रविवारी गेला. शिरबीनजवळच्या गावात बहिणीकडे. काल दुखवट्याचा तिसरा दिवस.

मी म्हटलं, रतीबा, तू थकलीस, घरी जाऊ, मी उद्या येऊन जाईन. ती म्हणाली, "शिरबीनला उतरू."

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर पोचलो. बायका घरात, पुरुष बाहेर मांडवात. रतीबा आत गेली. मी मांडवात मागच्या खुर्चीवर बसलो. बिनसाखरेची कॉफी आली. कुराणाचं पठण चालू होतं. अख्खं गाव बसलं होतं. फाटकवाल्यासाठी एवढं गाव येतं हे मला माहीत नव्हतं. मी गेलो तर येईल का? बघा, मेल्यावरही त्याच्याशी माझी स्पर्धा.

पठण थांबल्यावर शेजारचा म्हातारा वळला. पांढरी दाढी, हातात काठी. "तुम्ही इथले दिसत नाही. हिलमीचे कोण?"

काय सांगायचं? मित्र म्हणावं तर तो हक्क मला नव्हता. नातेवाईक म्हणावं तर खोटं, आणि खोटं मी एकदा बोलून बसलो होतो. म्हणालो, "मी त्यांच्यावर जळायचो."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. मग काठी टेकून पुढच्या रांगेतल्या माणसाच्या खांद्यावर थाप मारली. "ए, हा बघ! हाच तो दुम्यातचा उस्ता!" तो वळला, त्याच्या पुढचा वळला. पाच-सहा जण. एकजण उठून माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "तुम्हीच होय? शेवटचे पंधरा दिवस दुसरं बोलणंच नव्हतं त्याचं. भेटायला येईल त्याला सांगायचा, एका बड्या कारागिरानं माझ्यामुळे बायकोच्या तारखा बदलल्या!"

"आम्हाला वाटलं, बढाई मारतोय," म्हातारा म्हणाला. "मी तर तोंडावर म्हटलं, हिलमी, मरताना तरी खोटं बोलू नको."

"खोटं नव्हतं," मी म्हणालो. "खरं होतं. अगदी खरं." आणि मग मला रडू आलं. मांडवात, सगळ्यांसमोर. हात तोंडावर न्यायचं राहून गेलं.

रतीबा बाहेर आली तेव्हा ऊन उतरत होतं. तिचेही डोळे सुजलेले. बसकडे चालताना मी तिला सगळं सांगितलं, म्हातारा, काठी, 'हाच तो'. ती रस्त्याच्या मधोमध थांबली आणि हसायला लागली. रडता रडता, पोट धरून. एक गाढवगाडीवाला आमच्यासाठी थांबला आणि बघत राहिला.

अर्धं हसू हिलमीचं होतं, हे मला कळत होतं. अर्धं माझं. दुम्यातचा माणूस आहे मी, निम्म्यावर सौदा सहसा मान्य करत नाही. पण काल केला.

"आणखी सांग," ती म्हणाली. "म्हाताऱ्याची दाढी कशी होती?"